दारावरचा आरसा, घरातला पाना



मोटारीचा इतिहास सांगायचा म्हटलं की बोलणारा सहसा इंजिनापासून सुरुवात करतो. किती अश्वशक्ती, किती वेग, कोणती शर्यत कुणी जिंकली. आज आम्ही त्या वाटेने जाणार नाही. आजचा विषय आहे स्पोर्ट्स कारच्या दारावरचा आरसा. त्यातही एकच काम आम्ही घेतलं आहे : हा आरसा फुटला, गंजला किंवा सैल झाला, तर तो घरच्या घरी बदलणं.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? चार स्क्रू काढायचे, चार लावायचे. पण ते चार स्क्रू कुणी काढायचे, या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदललं आहे. आधी आरसाच नव्हता. मग मालकाने स्वतः भोक पाडून तो बसवला. मग कारखान्याने बसवून दिला, पण मालकाला काढता येत होता. मग त्यात वायर आली. आणि आता त्यात कॅमेरा आणि संगणक आला आहे. आरसा बदलण्याची ही गोष्ट म्हणजे गाडीबद्दलचं ज्ञान मालकाकडून कंपनीकडे कसं सरकलं, याची गोष्ट आहे, असं आमचं म्हणणं आहे.

स्पोर्ट्स कारच का? दोन कारणं. एक म्हणजे अशा गाडीचा मालक हा बहुतेक वेळा हौशी असतो. रविवारी सकाळी बाही वर करून गाडीखाली शिरणारा. दुसरं कारण गाडीच्या बांध्यात आहे. ती बुटकी असते, बसायची जागा जमिनीलगत असते. वर कापडी टप असला तर त्याची मागची खिडकी लहान, पुष्कळदा प्लॅस्टिकची, आणि ते प्लॅस्टिक काही वर्षांत पिवळं आणि धुरकट होतं. टप चढवला की आतल्या आरशात काही धड दिसत नाही. तेव्हा मागचा ट्रक कुठवर आलाय, हे सांगायला दारावरचा आरसा एवढाच आधार उरतो.

आता सुरुवातीकडे जाऊ. पहिल्या मोटारींना आरसे नव्हते. गरजही फारशी नव्हती, कारण मोटारीला मागून गाठणारं रस्त्यावर होतं तरी कोण? शर्यतीत मात्र गरज होती, आणि तिथे आरशाचं काम माणूस करायचा. चालकाशेजारी एक मेकॅनिक बसायचा. तो तेलाचा दाब बघायचा, टायरवर नजर ठेवायचा आणि मागे वळून कोण येतंय ते ओरडून सांगायचा.

१९०९ साली डॉरथी लेव्हिट या इंग्लंडच्या शर्यतपटू बाईंचं 'द वुमन अँड द कार' हे पुस्तक आलं. मोटार चालवू पाहणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं. त्यात त्यांनी सल्ला दिला आहे की गाडीत एक हातआरसा जवळ ठेवावा. रहदारीत मागे काय आहे ते बघायला तो अधूनमधून उचलून धरावा. बघा, इथे आरसा गाडीचा भागच नाही. तो चालवणाऱ्याच्या हातात आहे. बसवण्याचा आणि बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. रे हॅरून 'मार्मन वास्प' नावाची पिवळी गाडी घेऊन उतरला. त्याची गाडी एकट्याची होती, शेजारी मेकॅनिक नाही. बाकीच्यांनी हरकत घेतली : याला मागचं कोण सांगणार? हा सगळ्यांच्या जिवाला धोका आहे. तेव्हा हॅरूनने डॅशबोर्डच्या वर चार दांड्यांवर एक आडवा आरसा बसवला, सुमारे ८ इंच लांब आणि ३ इंच रुंद. तो शर्यत जिंकला. अशी कल्पना आपण आधी एका घोडागाडीवर पाहिली होती, असं त्याने नंतर सांगितलं. आणि गंमत म्हणजे, विटांच्या त्या धावपट्टीवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं.

ही थरथर लक्षात ठेवा, कारण ती पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. आरसा बसवणं सोपं असतं. तो धावत्या गाडीत स्थिर राहील असा बसवणं हे खरं कसब.

इथून आम्ही थेट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये येतो. हा छोट्या, खुल्या, तुलनेने स्वस्त स्पोर्ट्स कारचा सुवर्णकाळ. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली. यातली आमची मुख्य साक्षीदार आहे एमजीबी. ही गाडी १९६२ साली आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन इथल्या कारखान्यात १९८० पर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या.

सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या या गाड्यांना बाहेरचा आरसा सक्तीचा नव्हता. तो जादा पैसे देऊन घ्यायचा, नाहीतर सुट्या भागांच्या दुकानातून आणून स्वतः बसवायचा. आणि बसवायचा कुठे? तेव्हाची रीत होती मडगार्डवर, म्हणजे पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर. इंग्रज त्या भागाला 'विंग' म्हणतात, म्हणून तो 'विंग मिरर'. पुढे तो दारावर आला, तरी इंग्रजांच्या बोलण्यात नाव तेच राहिलं.

मडगार्डवरच्या आरशाचा फायदा असा की डोळे रस्त्यावरून फारसे हटवावे लागत नाहीत. तोटा असा की तो लांब असतो, त्यामुळे प्रतिमा लहान दिसते, आणि तो हलवायचा तर गाडी थांबवून खाली उतरावं लागतं. एकट्या माणसाला तो नीट जुळवता येत नाही. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून 'थोडा वर, थोडा बाहेर' असं ऐकत तो फिरवायचा. दारावरचा आरसा मात्र बसल्या जागेवरून, काच खाली करून, हाताने फिरवता येतो. खुल्या गाडीत तर आणखीच सोपं. म्हणून मालक हळूहळू दाराकडे वळले.

आता हे काम त्या काळी घरी कसं होत असे, ते जरा सविस्तर बघू. कारण इथे प्रत्येक निर्णय मालकाचा होता.

आधी जागा ठरवायची. मालक आसनावर त्याच्या नेहमीच्या पद्धतीने बसणार. सोबती आरसा हातात धरून दाराच्या कडेने पुढे-मागे सरकवणार. एमजीबीच्या दाराला पुढच्या बाजूला एक छोटी तिकोनी खिडकी होती, वाऱ्यासाठी उघडणारी. ती उघडताना आरशाला आपटता कामा नये. आणि चालकाच्या डोळ्यांपासून आरशापर्यंतची नजर त्या खिडकीच्या दांड्याने अडता कामा नये. म्हणजे जागा दोन-चार इंचांच्या टापूतच सापडायची. मग पत्र्यावर चिकटपट्टी लावायची, तिच्यावर खूण करायची. खुणेवर पंचाने एक खळगा पाडायचा, नाहीतर ड्रिल घसरतं आणि रंगावर ओरखडा उठतो. आधी बारीक ड्रिल, मग जाड. त्याआधी दाराची काच खाली गेल्यावर नेमकी कुठून जाते ते बघून ठेवायचं. लांब स्क्रू लावला आणि त्याचं टोक आत काचेला घासलं, तर आरसा मिळतो पण खिडकी जाते.

भोक पडलं की काम संपत नाही. खरं तर संकट तिथून सुरू होतं. कापलेल्या पत्र्याची कड उघडी असते. तिला लगेच प्रायमर आणि रंग लावला नाही, तर इंग्लंडच्या पावसात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठात गंज त्या कडेपासून सुरू होतो. आरशाच्या बुडाखाली रबरी पॅकिंग घालायचं ते यासाठीच. शिवाय दाराचा पत्रा पातळ. नुसता स्क्रू मारला तर वेगात पत्राच थरथरतो आणि त्याच्याबरोबर आरसाही. म्हणून जाणकार माणूस आतून पत्र्याची एक जाड पट्टी द्यायचा, म्हणजे भार पसरतो. हॅरूनची थरथर ती हीच.

आणि हाच आरसा दहा वर्षांनी बदलायची वेळ आली की? आरशाचं बूड असायचं जस्ताच्या मिश्रधातूचं, वर क्रोमचा मुलामा. स्क्रू पोलादी. दोन वेगळे धातू आणि मधे खारट पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. धातू खाल्ला जातो, स्क्रू अडकतो. घाई करून पेचकस जोरात फिरवला की स्क्रूचं डोकं गुळगुळीत. त्यावर घरचा उपाय एकच : गंज सोडवणारं तेल टाकायचं आणि रात्रभर वाट बघायची. नवा आरसा आणला तर त्याची भोकं जुन्या भोकांशी जुळतीलच असं नाही. मग पुन्हा नवी भोकं.

आता इतिहासाच्या अभ्यासाची एक गोष्ट सांगतो. जुन्या एमजीबीचं दार रंग काढून उघडं केलं की त्यात पुष्कळदा बुजवलेली भोकं सापडतात. कुठे वेल्डिंगचा ठिपका, कुठे लांबीचा गोळा. कागदोपत्री नोंद नसते, पण दार सांगतं की इथे एकदा आरसा होता, मग तो दोन इंच मागे सरकला. आधी एकाच दारावर होता, मग दुसऱ्यावरही आला. अमेरिकेत विकलेली गाडी पुढे इंग्लंडला परत आली असेल, तर आधीचा चालक डावीकडे बसत होता याचा पुरावाही त्या दारात सापडू शकतो. ताम्रपटावर राजाचं नाव असतं, तसं या दारावर नाव नाही. पण कुणीतरी सामान्य माणसाने आपल्या अंगणात ड्रिल धरून घेतलेले निर्णय तिथे कोरलेले आहेत, आणि असे पुरावे इतिहासात फार थोडे मिळतात.

मालकाचं हे स्वातंत्र्य कायद्याने हळूहळू आटोक्यात आणलं. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींना आतला आरसा आणि चालकाच्या बाजूचा बाहेरचा आरसा सक्तीचा झाला. ब्रिटनमध्ये तशी सक्ती १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. म्हणजे मधल्या काळात एकाच कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एकाच गाडीला अमेरिकेसाठी आरसा हवाच, आणि घरच्या गिऱ्हाइकासाठी तो हौसेचा विषय. सक्तीमुळे भोक पाडायचं काम कारखान्याकडे गेलं. ते चांगलंच झालं, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. जागा ठरलेली, पत्रा जाड केलेला, भोकाच्या कडेला रंग दिलेला. आणि मालकाच्या हातून काही गेलं का? फारसं नाही. स्क्रू बाहेरून दिसत होते, पेचकस घरात होता. आरसा बदलणं आता अर्ध्या तासाचं काम झालं.

याच काळात घरच्या दुरुस्तीला एक मोठा आधार मिळाला, आणि त्याचं मूळही एका स्पोर्ट्स कारमध्येच आहे. जॉन हेन्स नावाचे एक गृहस्थ होते. जन्म सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. ते ब्रिटिश हवाईदलात असताना त्यांची नेमणूक एडनला झाली. तिथे १९६५ च्या सुमारास एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट विकत घेतली आणि ती नीट करायला हेन्स यांची मदत मागितली. ही स्प्राइट म्हणजे बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असलेली गाडी. पहिल्या स्प्राइटला दाराला बाहेरून मूठसुद्धा नव्हती, आत हात घालून दार उघडायचं. इतकी साधी गाडी. तरीही कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक सामान्य माणसाच्या उपयोगाचं नाही, असं हेन्स यांच्या लक्षात आलं. ते लिहिलं होतं कंपनीच्या मेकॅनिकसाठी, ज्याच्याकडे सगळी खास हत्यारं आहेत असं गृहीत धरून. मग त्यांनी कॅमेरा घेतला आणि गाडी खोलताना एकेक पायरीचे फोटो काढले. १९६६ मध्ये त्यातून स्प्राइटचं पहिलं 'हेन्स मॅन्युअल' निघालं. पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांत संपल्या.

हेन्स यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. गाडी खरोखर पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची, आणि जे हातांनी केलं तेवढंच लिहायचं. घरात जी हत्यारं असतात ती वापरून. या पुस्तकांतल्या एका ठरावीक सूचनेवर हौशी लोक अजून हसतात : बसवण्याची कृती ही काढण्याच्या उलट. ज्याने अडकलेला स्क्रू काढताना आरशाचं बूड फोडलंय, त्याला विचारा उलट क्रम म्हणजे काय! पण विनोद बाजूला ठेवू. त्या पुस्तकांमागची भूमिका अशी होती की गाडी घेतली म्हणजे ती समजून घ्यायचा हक्कही घेतला. इंग्लंडमधल्या एका पिढीचे हात त्या पुस्तकांवर तयार झाले.

आता जरा पूर्वेकडे, जपानला जाऊ. कारण आरसा कुठे बसवायचा हा प्रश्न तिथे वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. जपानमध्ये देशी गाड्यांना १९८३ पर्यंत मडगार्डवरचाच आरसा चालत असे. त्यामुळे १९६९ साली आलेली डॅट्सनची झेड ही स्पोर्ट्स कार जपानमध्ये 'फेअरलेडी झेड' या नावाने मडगार्डवर आरसे घेऊन धावायची, आणि तीच गाडी अमेरिकेत '२४० झेड' म्हणून दारावर आरसा घेऊन जायची. १९८३ मध्ये नियम सैल झाला आणि जपानी गाड्यांचे आरसेही दारावर आले. टॅक्सीवाल्यांनी मात्र पुढची कित्येक वर्षं मडगार्डचे आरसे सोडले नाहीत. डावीकडचा आरसा बघताना शेजारच्या उतारूकडे मान वळवावी लागत नाही, ही त्यांची सोय.

आज काय होतं बघा. अमेरिकेतले आणि युरोपातले झेडचे शौकीन हौसेने जपानी पद्धतीचे मडगार्डचे आरसे मागवतात आणि घरी बसवतात. म्हणजे लांब बॉनेटच्या त्या सुंदर पत्र्यात पुन्हा नवी भोकं. एका देशाने नियम म्हणून लादलेली गोष्ट दुसऱ्या देशात आवड बनते. यावर आम्ही टीका करणार नाही. फक्त एवढंच म्हणू, की भोक पाडण्याआधी दोन दिवस थांबावं. लावलेला रंग खरवडून पुन्हा देता येतो, पाडलेलं भोक परत घेता येत नाही.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ दाखवली. जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचा साधेपणा, पण जपानी भरवशाची. पुढे ती जगातली सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार ठरली, आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. या पिढीच्या गाड्यांत आरशाचं रूप पालटलं. क्रोमची वाटी जाऊन गाडीच्या रंगाचं प्लॅस्टिकचं घर आलं. आत छोट्या मोटारी आल्या, बटणाने काच फिरवणाऱ्या. काही गाड्यांत काच तापवणारी तार आली, म्हणजे दव आणि बर्फ निघून जावं. स्क्रू बाहेरून दिसेनासे झाले.

आता घरी बदलायचा म्हणजे काय करावं लागतं? सर्वसाधारण क्रम असा. आधी बॅटरीची ऋण तार सोडवायची. मग दाराच्या आतल्या बाजूचं आवरण, म्हणजे आपले गॅरेजवाले ज्याला 'डोअर पॅड' म्हणतात, ते काढायचं किंवा निदान कोपऱ्यातलं तिकोनी झाकण उचकटायचं. ते प्लॅस्टिकच्या क्लिपांवर असतं. थंडीत या क्लिपा कडक होतात आणि तुटतात, म्हणून चार-सहा नव्या क्लिपा आधीच आणून ठेवाव्या. मग वायरचा प्लग सोडवायचा. वायर ओढायची नाही, प्लगची जीभ दाबून तो काढायचा. त्यानंतर आरशाचे दोन-तीन बोल्ट. ते काढण्याआधी दाराच्या पोकळीत एक फडकं कोंबून ठेवायचं, कारण बोल्ट हातातून सुटला की तो थेट दाराच्या तळाशी जातो. आणि शेवटचा बोल्ट काढताना दुसऱ्या हाताने बाहेरून आरसा धरायचा, नाहीतर तो वायरला लोंबकळतो आणि रंगावर आपटतो. नवा आरसा लावला, की आवरण परत बसवण्याआधी प्लग जोडून काच चारही दिशांना फिरते का ते बघायचं. हे आधी बघितलं तर पाच मिनिटं जातात, नंतर बघितलं तर पुन्हा सगळं काढावं लागतं.

नुसती काच फुटली असेल तर पूर्ण आरसा बदलायची गरज नसते. काच प्लॅस्टिकच्या पाठीवर चिकटवलेली असते आणि ती पाठ क्लिपांनी बसते. काच वेगळी मिळते. पण इथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे.

काच दोन जातीची. सपाट आणि बहिर्वक्र, म्हणजे किंचित फुगीर. सपाट काचेत मागची गाडी जेवढी आहे तेवढी दिसते, पण टापू अरुंद. फुगीर काचेत टापू रुंद, पण गाडी लहान दिसते, आणि लहान दिसली की आपलं मन तिला लांब समजतं. अमेरिकेच्या नियमानुसार चालकाच्या बाजूची काच सपाट हवी. दुसऱ्या बाजूची फुगीर असेल तर तिच्यावर इशारा हवा, की आरशातल्या वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत. तेच इंग्रजी वाक्य आपल्याकडच्या गाड्यांच्या आरशांवरही दिसतं, ते मूळ त्या नियमातलं. युरोपात चालकाच्या बाजूलाही फुगीर काच चालते. त्यामुळे अमेरिकेतले काही स्पोर्ट्स कारवाले युरोपातली काच मागवून घरी बसवतात. दिसतं जास्त, हे खरं. पण वर्षानुवर्षं सपाट काचेत अंतर मोजायला शिकलेला डोळा पहिले काही आठवडे चुकतो. लेन बदलताना 'आहे अजून लांब' असं वाटतं आणि ती गाडी शेजारी येऊन ठेपलेली असते. उलट प्रकारही घडतो. फुगीर काच फुटली म्हणून कुणी काचवाल्याकडून साधा आरसा त्या आकारात कापून आणतो. काच बसते छान, पण जो टापू आधी दिसत होता त्यातला मोठा भाग गायब होतो, आणि नेमका तिथेच एखादा दुचाकीस्वार असतो.

असंच आरसा मिटण्याचं. युरोपीय नियमांनुसार आरशाला धक्का बसला तर त्याने मागे वळलं पाहिजे, आणि त्यासाठी आघाताची चाचणी असते. ही सोय गाडीसाठी नाही, आरसा ज्याला लागतो त्या पादचाऱ्यासाठी किंवा सायकलवाल्यासाठी आहे. 'खुळखुळ करतो' म्हणून कुणी तो सांधा कायमचा चिकटवून टाकला, तर त्याची किंमत त्याला नाही, दुसऱ्याला मोजावी लागते. घरच्या दुरुस्तीची बाजू घेणाऱ्याने हे मान्य केलंच पाहिजे. आपल्या गाडीवर आपला हक्क असतो, पण आरसा हा थोडासा रस्त्यावरच्या सगळ्यांचाही असतो.

आता शेवटच्या टप्प्याकडे. गेल्या काही दशकांत आरशात दिशादर्शक दिवा आला, शेजारच्या न दिसणाऱ्या जागेत वाहन आलं तर पेटणारी खूण आली, भोवतालचं चित्र दाखवणारा कॅमेरा आला. असा आरसा बदलला, की पुष्कळ गाड्यांत कॅमेऱ्याला पुन्हा शिकवावं लागतं की सरळ म्हणजे कुठे. त्यासाठी कंपनीचं किंवा तशा ताकदीचं तपासणी यंत्र लागतं. बोल्ट तुम्ही घरी काढाल, प्लगही जोडाल, पण गाडी त्या आरशाला ओळखणार नाही. २०१६ मध्ये जपानने आरशाऐवजी कॅमेरे लावायला परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये लेक्सस ईएस ही गाडी तिथे तशा कॅमेऱ्यांसह विकायला आली. काचच नाही, तर बदलायचं काय? डिसेंबर २०२० मध्ये हेन्स कंपनीने नव्या गाड्यांसाठी छापील मॅन्युअल काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण काळ एकच आहे.

लोक गप्प बसले असंही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला, की गाडीची तपासणीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजला मिळाली पाहिजे. २०२० मध्ये पुन्हा मतदान होऊन तो हक्क गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला गेला. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केलं, आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर वाहनंही घेतली आहेत.

आपल्या देशाचा या कथेशी आणखी एक संबंध आहे, आणि तो जरा विचार करायला लावणारा आहे. आपल्याकडे कित्येक वर्षं स्वस्त गाड्यांचं सर्वांत खालचं मॉडेल डाव्या आरशाशिवाय विकलं जात होतं. गिऱ्हाईक शोरूममधून निघून थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जायचं आणि डावा आरसा बसवून घ्यायचं. म्हणजे १९६२ च्या एमजीबीवाल्याचीच अवस्था, फक्त हौस नव्हे तर काटकसर म्हणून. आणि त्याच देशातल्या मदरसन समूहाने २००९ मध्ये व्हिजिओकॉर्प ही कंपनी घेतली. मोटारींचे आरसे बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ती एक. जगभरच्या गाड्यांना आरसे पुरवणारा उद्योग भारतीय मालकीचा, आणि आपल्या रस्त्यावर कितीतरी गाड्यांचा डावा आरसा मिटवून ठेवलेला! हा विरोधाभास कायद्याने सुटणारा नाही.

तर मंडळी, मुद्दा काय? जुना काळ चांगला होता, असं आम्ही म्हणत नाही. त्या काळी चुकीच्या जागी बसवलेले, थरथरणारे, काहीच न दाखवणारे आरसे पुष्कळ होते. आजचा आरसा जास्त दाखवतो, आणि त्याने जीव वाचतात. पण ज्याने एकदा स्वतः आरसा बसवला, त्याला एक गोष्ट कळलेली असायची : या आरशात काय दिसतं आणि काय दिसत नाही. जागा शोधताना, काच फिरवताना, सोबत्याला 'अजून थोडा बाहेर' म्हणताना तो आपली आंधळी जागा स्वतःच्या डोळ्यांनी मोजत होता. आज ते मोजमाप कारखान्यात होतं आणि आपल्याला एक पेटणारा दिवा मिळतो. दिवा पेटला नाही, तर मागे कुणी नाही असं आपण धरून चालतो.

दुरुस्तीचा हक्क मागायचा तो चार पैसे वाचावेत एवढ्यासाठी नाही. हे समजणं हातचं जाऊ नये, यासाठी. आणि ते टिकवायला स्पोर्ट्स कार लागत नाही, पानाही लागत नाही. उद्या गाडीत बसाल तेव्हा सुरू करण्याआधी कुणालातरी गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारायला सांगा, आणि तो कोणत्या ठिकाणी आरशातून नाहीसा होतो ते बघा. ती जागा लक्षात ठेवा.